अद्वैतचा डबा

मी गोपाळकृष्ण वासुदेव राजूरकर, वय ६९ वर्षे, धंदा सेवानिवृत्त गणित शिक्षक, राहणार जुने शहर, अकोला. आज दि. १४/०९/२०२५ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी पत्नी कुंदा दि. १७/०६/२०२५ रोजी सकाळी हृदयविकाराने वारली. मुलगी चारुता पुण्याला असते. तिचा मुलगा अद्वैत नऊ वर्षांचा आहे. आमच्या शेजारी पंजाबराव गावंडे व त्यांची पत्नी ललिताबाई राहतात. बावीस वर्षांत त्यांच्याशी माझे कधी भांडण झालेले नाही.

पंजाबरावांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. ती खरी आहे. आज सकाळी साडेअकराच्या सुमारास त्यांच्याच अंगणात मी त्यांना एक थापड मारली. त्यांचा चष्मा पडून फुटला. त्यांनी मला उलट हात लावला नाही. कारण सांगतो. ते लांब आहे, पण अर्धे लिहिणार असाल तर मुळीच लिहू नका, असे मी हवालदार चंद्रभान यांना आधीच सांगितले आहे.

अद्वैत दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतो. त्याला पास्ता लागतो. कुंदा मुलीला फोनवर विचारून विचारून त्याचा सॉस करायला शिकली. हवालदारांनी इथे ‘टोमॅटोची चटणी’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. टोमॅटो उकळून सालं काढायची, लसूण भरपूर, आणि पाकिटातला परदेशी मसाला तिला पटत नसे म्हणून त्याऐवजी ओवा. मी त्या पास्त्याला रबराच्या नळ्या म्हणायचो. ती म्हणे, “एकदा चाखून तर पाहा, जीभ काही बाटत नाही.” मी कधी तोंड लावले नाही.

दि. १३ जून रोजी, अद्वैत पुण्याला परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सॉस उरला. उरलेले टाकणे कुंदाच्या रक्तात नव्हते. तिने तो पूर्ण गार होऊ दिला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरला आणि वर दोन बोटे जागा सोडली, कारण गोठताना तो फुगतो. झाकणावर चिकटपट्टी लावून ‘अद्वैत, १३ जून’ असे लिहिले. तीन महिने उत्तम राहतो, वर एखादा महिना गेला तरी खाता येतो, असा तिचा हिशेब होता. माझा डबा दिवाळीपर्यंत कुणाला देऊ नका, असे पोरगा गाडीत बसेपर्यंत बजावत होता. त्यानंतर तीन दिवसांनी कुंदा गेली.

आमच्याकडे घरात कुणी गेले की शिजलेले अन्न आणि भरलेले पाणी टाकून देतात. माझी थोरली बहीण भागीरथा हिने त्या दिवशी फ्रीज रिकामा करायला घेतला. त्याआधी मी डबा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कुंपणावरून ललिताबाईंच्या हाती दिला. सुतकाच्या घरातले शिजलेले अन्न आहे असे म्हटले असते तर त्यांनी ते घरात घेतले नसते, असे मला वाटले. म्हणून आमरस आहे असे सांगितले. आंब्याचे दिवस सरत आले होते, जो तो रस गोठवून ठेवत होता, त्यामुळे त्यांना शंका आली नाही. खोटे बोलले म्हणून मी छत्तीस वर्षे पोरांना अंगठे धरायला लावले आहेत. कुंदा तेव्हा बाहेरच्या खोलीत जमिनीवर होती.

दिवस झाल्यावर डबा परत आणायला हवा होता. तो आणला नाही, कारण आणायला गेलो असतो तर खरे सांगावे लागले असते. शिवाय एकट्याला काय करायचा म्हणून मी फ्रीज बंद करून टाकला आहे. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता अद्वैतचा फोन येतो. “आजोबा, माझा डबा आहे ना? लाइट गेली तर?” मी आहे म्हणतो. आजीविषयी तो एक अक्षर बोलत नाही. ती गेल्यापासून तो रडलाही नाही, असे चारुता सांगते. दिवाळीत त्याला त्या डब्यातला पास्ता करून घालायचा, एवढे एकच काम मी माझ्याकडे ठेवले होते.

काल मी बहिणीकडे बडनेऱ्याला गेलो होतो. डब्यातला रस वापरू का, असे ललिताबाई विचारायला आल्या, तर दाराला कुलूप. आज पंजाबरावांच्या वडिलांची पित्रांतली तिथी होती. म्हाताऱ्याला रसाची फार आवड. आमरस आहेच शेजारच्या गुरुजींचा, पुढल्या उन्हाळ्यात परत भरून देऊ, या विचाराने ललिताबाईंनी सकाळी डबा बाहेर काढून ठेवला. पान वाढताना उघडला, तर खोलीभर लसणाचा वास. पित्रांच्या स्वयंपाकात लसूण चालत नाही. सगळे पान पुन्हा वाढावे लागले.

मी गावाहून येऊन कुलूप उघडतो आहे तोच पंजाबरावांनी हाक मारली, म्हणून मी त्यांच्या अंगणात गेलो. ते म्हणाले, “गुरुजी, हा आमरस व्हय? माह्या बापाच्या पानापाशी लसूण आनला तुमी. काहून खोटं बोलले?” मी विचारले, डबा कुठे आहे? ते म्हणाले, “देला ओतून मोरीत.” मोरीच्या तोंडाशी लाल दिसत होते. मी मारले. मारताना मला त्यांचा राग आला नव्हता असे नाही, पण निम्मा माझाच होता.

दुपारी ललिताबाई ठाण्यात आल्या. त्यांनी डबा आणला आहे. त्यात अर्ध्याहून थोडा कमी सॉस आहे. त्या म्हणाल्या, “ह्यायनं डबा उलटा केला तवा म्या हात धरला. झाकनावरचा बरफ वितळला होता, पोराचं नाव दिसलं मले.” पंजाबराव खाली पाहत म्हणाले, “खरं सांगतलं असतं त फ्रीजले कुलूप लावलं असतं जी. काकूच्या हातचं कोनी फेकते का?” मी त्यांचे पाय धरायला वाकलो, त्यांनी वाकू दिले नाही. ते तक्रार मागे घेतो म्हणत आहेत. मी त्यांना घेऊ नका म्हणून सांगितले. मारले ते मारले.

डबा जप्त करायचा का, असे हवालदारांनी साहेबांना विचारले. माझी विनंती की करू नये. सॉस सकाळपासून वितळलेला आहे. एकदा वितळलेले पुन्हा गोठवायचे नाही, हा कुंदाचा नियम होता, आणि तो बरोबर आहे. अद्वैत यायला अजून चौतीस दिवस आहेत. तोवर सॉस राहणार नाही. तो आजच खावा लागेल, आणि मीच खाईन. त्याची चव मला माहीत नाही, पण आज पोराला फोनवर ती सांगावी लागेल. डबा आहे असे आज मी म्हणणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करतो. वेळ सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. आज रविवार असल्याने मला सातच्या आत घरी सोडावे, हेही जबाबात लिहून घ्यावे.