दोन्ही कान दिसले पाहिजेत

रत्नपाल : फोटोत कसर नाही मावशी. मीच काढला, झकास निघाला. पण मुंबईच्या व्हिसा कचेरीनं परत पाठवला. या चिठ्ठीत लिहिलंय, चेहरा पूर्ण उघडा पाहिजे, दोन्ही कान दिसले पाहिजेत, गालावर काही लोंबायला नको.

उत्तमसिंग : कान काहून पायजे त्याहिला? माझ्या बायकोला जर्मनीत कशिदा दाखवायला बोलावलं. कानाचं काय काम तिथं?

रत्नपाल : माणूस ओळखायची त्यांची रीत आहे ती, काका.

मिराबाई : पासपोर्टावर तर ह्योच फोटो हाय. तवा कुणी कायी बोललं न्हाई.

रत्नपाल : पासपोर्ट आपला, व्हिसा त्यांचा. आणि टाइम नाही आपल्याकडं. संस्थेच्या शिलाताई सहाच्या गाडीनं तुमचे कागद घेऊन मुंबईला निघाल्यात. सोमवारी कागद गेले नाहीत तर जूनची जत्रा हुकली. इथं हिंगोलीत चारला लाईट जाते. आता तीन वाजून दहा मिनिटं झालीत.

मिराबाई : जत्रा न्हाई ती. हातकामाचं परदर्शन हाय. कुठकुठच्या देशाच्या बाया येनार. आन् साखऱ्याच्या तांड्यावरनं मी.

उत्तमसिंग : महिना झाला, रोज पेटी भरती, रोज उपसती.

मिराबाई : आन् तुमी? बायको विमानात बसनार म्हणून तांड्याच्या नरसिंग नायकाला दोनदा सांगून आले.

उत्तमसिंग : तीनदा.

रत्नपाल : मग बसा खुर्चीवर. त्या केसातल्या चांदीच्या घुगऱ्या तेवढ्या काढा, की झालं.

उत्तमसिंग : घुगऱ्या? त्या न्हाई निघत.

रत्नपाल : काय झालं? अडकल्यात का? पक्कड देऊ?

मिराबाई : दोन्ही एकदम उतरत न्हाईत.

रत्नपाल : म्हणजे?

उत्तमसिंग : आमच्यात लग्नात बांधत्यात त्या बाईच्या केसात. नवरा जिता हाय तवर ऱ्हात्यात. नवरा गेला की मंग काढत्यात.

मिराबाई : केस धुताना एक सोडते. ती बांधून झाली की दुसरी. डोकं मोकळं म्हणून कधी ठेवलं न्हाई.

रत्नपाल : माफ करा मावशी. तांड्यावरच्या किती बायांचे फोटो काढले, पण कधी विचारलं नाही.

मिराबाई : मी काय म्हणते, चिठ्ठीत दोन फोटो मागितलेत ना? एकात हा कान काढ, दुसऱ्यात तो काढ. झाले दोन्ही कान.

रत्नपाल : तसं चालत नाही. दोन्ही फोटोंत दोन्ही कान पाहिजेत.

मिराबाई : मंग माघं वढून पिना लाव.

रत्नपाल : थांबा, बघतो. नाही, मागं ओढलं की घुगरी बराबर कानावरच येते. उलट जास्त झाकतेय.

उत्तमसिंग : मिरा, जायचं न्हाई का तुला?

मिराबाई : जायचंय. पंचवीस वर्सं टाके घालून राहिले. तांड्याबाहेर कुणी इचारलं न्हाई की हे कोण करतं. त्याहिनं कागदावर नाव घालून बोलावलं. मिराबाई उत्तमसिंग आडे. ते नाव मी रोज बघते, वाचता येत न्हाई तरी.

उत्तमसिंग : मंग काढ की. मी हाय ना हितं, जिता.

मिराबाई : तुमाला ठावं न्हाई. माझ्या याडीच्या, मायच्या काढल्या तवा मी नऊ वर्साची होते. बाप गेला, त्याला मसनात नेलं, आन् घरात बायांनी याडीला धरली. कात्रीनं केसासकट कापल्या. खाली ताटली धरली होती, तिच्यात पडल्या. ताटली माझ्या हातात दिली होती. त्यो आवाज अजून कानात हाय.

उत्तमसिंग : हे कधी बोलली न्हाईस.

मिराबाई : बोलायचं असतंय का ते?

रत्नपाल : मावशी, मी बाहेर थांबू का थोडा वेळ?

मिराबाई : नको. लाईट जाईल तुझी.

उत्तमसिंग : ऐक. तुझ्या मायच्या घुगऱ्या बायांनी काढल्या, कारण बाप नव्हता. तुझ्या मी काढतो. माझ्या नावानं बांधल्या तर माझ्या हातानं सुटू दे. फोटो झाला की मीच बांधतो.

मिराबाई : आन् सासूबाई?

उत्तमसिंग : मायला मी सांगीन. रूपाबाईच्या शिव्या मी ल्हानपणापासून खाल्ल्या, अजून चार खाईन.

मिराबाई : तुमाला येतं का काढायला?

उत्तमसिंग : बैलाचं दावं सोडतो रोज. हे न्हाई सुटनार?

मिराबाई : दावं म्हणे. तिकडनं न्हाई, आधी खालची बारीक येणी सोडा. नख लावा. गाठ दिसून राहिली का?

उत्तमसिंग : दिसती. बारीकच हाय लय.

रत्नपाल : सावकाश काका. अजून अर्धा तास आहे.

उत्तमसिंग : निघाली एक. लय जड हाय गं. हे वागवती तू दिसभर?

मिराबाई : सत्तावीस वर्सं झाली. ताटलीत नका ठेवू.

उत्तमसिंग : मुठीत धरली.

मिराबाई : आता दुसरी. तुमी बोलत ऱ्हावा.

उत्तमसिंग : काय बोलू?

मिराबाई : कायबी. आवाज येऊ द्या तुमचा.

उत्तमसिंग : काय बोलावं आता... जूनात पेरणी हाय. तू न्हाईस. धर्मसिंगाची तिफण मागितली, देतो म्हणला. भाकरी आपली पोरगी शितल थापंल, करपवंल, मी गुमान खाईन. लाल्या बैलाचा खूर बरा झालाय. आन् तू तिकडं गोऱ्या बायांच्या मधी बसशील, त्या तुझं काम बघतील, आरशे कसे बसवले म्हणून इचारतील, तू सांगशील आपल्या बोलीत, त्याहिला कायी कळनार न्हाई... निघाली. दोन्ही निघाल्या.

मिराबाई : बोलत ऱ्हावा.

उत्तमसिंग : बोलून राहिलो.

रत्नपाल : मान सरळ मावशी. इकडं कॅमेऱ्यात बघा, काकांकडं नाही.

मिराबाई : मी त्याहिच्याकडंच बघनार.

रत्नपाल : मग काका, तुम्ही या माझ्या मागं. अगदी डोक्यामागं. बराबर. हनुवटी जरा वर. झाला. हलू नका, आणखी एक. झाला.

उत्तमसिंग : मिरा, तुझ्या डाव्या कानाच्या फुडं तीळ हाय.

मिराबाई : असंल.

उत्तमसिंग : सत्तावीस वर्सांत मला दिसला न्हाई.

मिराबाई : आता बघा, मंग लवकर बांधा. रत्नपाल, तू फोटो धुवायला घे. शिलाताईची गाडी चुकायला नको.

(अठरा दिवसांनी, त्याच दुकानात.)

रत्नपाल : आला ना व्हिसा? काका, तुमच्या चालण्यावरनंच कळलं मला.

उत्तमसिंग : शिलाताईनं वाचून दावलं. पर ही म्हणती, फोटो ज्यानं काढला त्यो वाचंल.

रत्नपाल : द्या इकडं. हात पुसतो आधी. हा बघा शिक्का, हे पूर्ण पान त्याचंच आहे. नाव, मिराबाई उत्तमसिंग आडे. बारा जूनपासून. मुक्काम पंधरा दिवस.

मिराबाई : परत वाच.

रत्नपाल : मिराबाई उत्तमसिंग आडे. बारा जून. पंधरा दिवस.

मिराबाई : आता कसं गार वाटलं.

उत्तमसिंग : तिसऱ्या खेपेला मी पैसे मागनार हाय दोघांकडनं. आल्यापासून सारखी उघडून बघून राहिली.

रत्नपाल : आणि रूपाआजी?

उत्तमसिंग : दोन दिस बोलली न्हाई माझ्याशी. तिसऱ्या दिशी हिला जवळ बसवलं, मी बांधलेल्या येण्या सोडल्या, एकएक करून, आन् नीट बांधल्या. म्हणली, असं बांधून कुणी परमुलखात जातं का.

मिराबाई : काल तिची लोकरीची शाल काढून दिली. तिकडं थंडी असती म्हणली.

रत्नपाल : जूनमधे तेवढी नसते. पण मी एका गिऱ्हाइकाकडनं ऐकलं, तिकडं उन्हाळ्यात दिवस लई लांब. साडेनऊपर्यंत उजेड असतो.

मिराबाई : रातच्या साडेनऊपस्तोर?

रत्नपाल : हो. दिवा लावायची गरज नाही.

मिराबाई : मंग सुया जास्तीच्या घेते.