बिना चीजचं पार्सल

बसा ना काका, दोघं मावते बाकावर. इथं बिअर पटकन येते, पार्सलले मात्र अर्धा तास. तुमचं नातीसाठी? हां. माझं बायकोसाठी. ते आत मोठ्यानं हसून राहिले ना, ते आपलेच — सुमंत, ऋषी, अर्णव. चौघंही बुटीबोरीले एकाच कापडाच्या कंपनीत. महिन्याचा एक शनिवार इथं — एकदम अमेरिकन टाईप, बिअरही इथंच बनवते, त्या काचेमागच्या टाक्यांमधी. अन् नियम एकच, घरी रिकाम्या हातानं जायचं नाही. बायकोले पार्सल नेलं का ती कटकट करत नाही, असं सुमंतनं सात वर्षांआधी ठरवलं. मी दर वेळी चीजवालं बर्गर न्यायचो. बायको, काजल, म्हणे, ठेवा तिथं. मले वाटे, खुश आहे.

खातच नव्हती ती! चीजचा वासच सहन होत नाही तिले. हे मले कोणी सांगितलं — आमच्या वॉचमननं. म्हणे, साहेब, मॅडम गेल्या तेव्हापासून बर्गर बंदच झालं. सात वर्षं तो खाऊन राहिला होता. मी हसलो त्याच्यासंग. म्हणजे, तोंड हसलं.

गेली म्हणजे माहेरी, काटोलले. तीन महिने झाले. नाही, भांडण नाही, भांडण असतं तर बरं होतं. बॅग भरली अन् एवढंच म्हणाली, "सात वर्षं पार्सल आणलं तुम्ही, एक डाव सोबत चल नाही म्हटलं." मी म्हटलं, तिथं बायका कुठं येते वं. अन् पाहा ना आत — अर्ध्या टेबलांवर बायकाच आहे. रडू यायले पाहिजे होतं मले. काहीच आलं नाही. दात काढताना इंजेक्शन देते ना, तसं — दात गेला हे समजते, दुखत नाही. आतल्यांले अजून सांगितलं नाही. पार्सल बंद केलं तर विचारतील, म्हणून दर वेळी नेतो, ओट्यावर ठेवतो, सकाळी फेकतो.

आज? आज ती घरी आहे, सक्करदऱ्याले. राहिलेलं सामान न्यायले आली. दुपारी मेसेज आला, साडेसातपर्यंत आहे, मग बस. आता पावणेसात. इथून पंचवीस मिनिटं, ऑटो समोरच उभा आहे. माहीत आहे मले, काका. चाबी तिच्याजवळ आहेच, नुसतं सामानच न्यायचं असतं तर वेळ काहून कळवली असती? हेही समजते. उठतो उठतो म्हणून अर्धा तास इथंच बसून राहिलो.

हो गा सुमंत, तुम्ही मागवा! वहिनीचं पार्सल होऊन राहिलं!

घ्या, दोन्ही आले. हे तुमचं. हे माझं — आज पहिल्यांदा बिना चीजचं सांगितलं. काका, तुम्ही त्याच बाजूले जाऊन राहिले ना? तलावाजवळच बिल्डिंग आहे आमची, दुसरा माळा. एवढं देता का तिले? म्हणा, यात चीज नाही...

असे काहून पाहता? बरं, राहू द्या. जा तुम्ही, थंडं होईल.