पहिल्या रिंगला

—नाही नाही, मॅडम, दार ओढू नका, ऐका माझं, दोन मजल्यांच्या मधे अडकलीय लिफ्ट, ओढून उघडलंत तरी समोर भिंतच दिसेल. बटणही सोडा आता. बोला, मी आहे. ओळखलात ना आवाज? तीच — खिडकीजवळच्या टेबलावरची, दर मंगळवारी तुम्ही ध्यानाला बसवलंत की डोळे उघडे ठेवणारी. हो, लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन आमच्याकडेच येतात, तुम्ही आमच्याकडेच निघाला होतात आणि आमच्याच कंपनीच्या लिफ्टनं… हसत नाहीये हो, शप्पथ. मेकॅनिक निघालाय. वीस मिनिटं. बरं, पंधरा.

श्वास? नाही, ते मी तुम्हाला नाही सांगणार. ‘दीर्घ श्वास घ्या, आपण सुरक्षित आहात’ — फोनवर काय बोलायचं त्या आमच्या कार्डावरचं पहिलंच वाक्य आहे ते, दिवसातून चाळीस वेळा म्हणते मी. तुम्ही पहिल्या दिवशी अगदी तेच म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, मीच कुठेतरी अडकलेय की काय! बाकीचे? बाकीचे पाचही जण डोळे मिटून बसलेत. तुम्हाला उशीर होतोय म्हणून सरांनी तुमचा रेकॉर्ड केलेला आवाज लावलाय आणि स्वतःही बसलेत. थांबा, फोन तिकडे धरते… आलं ऐकू? ‘मन म्हणजे निळं आकाश’ — तुम्हीच आहात. नको? बरं, नको.

चिडले नाहीये. म्हणजे — चिडलेय. आज तुम्ही माझा रिपोर्ट देणार ना? सर बोललेत मला. फोन वाजला की दचकते, ताण झेपत नाही, फायलींवर बसवा. ताण आहेच, खोटं कशाला बोलू? चारशे लिफ्ट आणि आम्ही सहा जणं, त्याला दहा मिनिटं डोळे मिटून काय होणार? आणि दचकते म्हणाल, तर लहानपणापासून दचकते. आई म्हणायची, हिच्यासमोर शिंकायचं असेल तर आधी सांगून शिंका. घरात सगळे हसायचे. पण इथे, मॅडम, इथे दोन वर्षांत मी दुसरी रिंग होऊ दिली नाही. दचकते म्हणूनच हात आधी पोचतो! माझं दचकणं कामाला येईल अशी एकच खुर्ची मिळाली मला, आणि तुम्ही तीच काढून घ्यायला निघालात.

फक्त एकदा दचकले नाही. गेल्या मंगळवारी. ‘आज छान जमलं हिला, चेहरा बघा’ — म्हणालात ना? फोन वाजत होता तेव्हा. ‘वाजू दे, तो नुसता आवाज आहे, येईल, जाईल’ — तुम्हीच. चार रिंगमध्ये उचलला नाही की तो शेजारच्या टेबलावर जातो आमच्याकडे. माझ्याकडून गेला, सहाही टेबलं फिरला, प्रत्येकाला वाटलं दुसरा उचलेल — डोळे मिटलेले ना सगळ्यांचे! — आणि फिरून परत माझ्याकडे आला, आणि मी… जाऊ दिला. ढगासारखा. इतकं हलकं वाटलं हो मला. तुमची शेवटची घंटा झाल्यावर उचलला. लिफ्टमध्ये एक आजी होत्या, औषधांची पिशवी घेतलेल्या. दार उघडलं तेव्हा रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या, नुसत्या बटणावर बोट दाबून उभ्या. काढेनातच. सुनेनं हात धरून सोडवलं म्हणे. आणि मी नोंदवहीत काय लिहिलं? ‘लाइन खराब.’ कुणालाही माहीत नाही हे, म्हणजे आत्तापर्यंत…

अगं बाई. हा कॉल रेकॉर्ड होतो. सगळेच होतात.

…

होऊ दे. झालं ते झालं.

मॅडम? आवाज येतोय ना वरून — घाबरू नका, मेकॅनिकच आहे, हातानं खाली घेतोय. हलली? दार तोच उघडेल, पाय जपून टाका, पायरीएवढं अंतर राहील. रडताय कशाला, आलंच दार. एकच सांगा जाता जाता — बटण दाबलंत, तेव्हा कितव्या रिंगला उचलला मी?

मग तेवढंच लिहा रिपोर्टात. आजींचं मी सांगते सरांना, डोळे उघडले की. ठेवा आता, दुसऱ्या लाइनवर रिं—