एकाची राहिली

— नको नको, पाय आत टाकू नका कल्पिताताई, उंबऱ्याबाहेरच थांबा! अहो, सहा महिन्यांनी लेक घरी येतेय माझी, भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय कशी घेऊ? तुम्ही तिची सख्खी आत्या, तुम्हाला काय शिकवायचं. ही बघा, तांदळाचीच भाकर, आत्ता थापली. गंधाली, ए ठमे, ओळखलंस का गं आईला? हसली! बघितलंत ना, हसली? हं, धरा सरळ — आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, पाप्याचांडाळाची — एक, दोन, तीन. डोळ्यांना पाणी लावते. झालं. या आता.

थांबा. थांबा हां, परत एकदा. मध्येच कुकर वाजला ना, म्हणून चुकलं. असं नका बघू ताई, मी ठीक आहे — गोळ्या? घेते की. तुमचा भाऊ समोर उभा राहून गिळायला लावतो, वर जीभ उचलून दाखव म्हणतो, बालवाडीतली असल्यासारखी. आवाज? बंद. एकदम बंद, गंधालीची शपथ — नको, तिची नको, माझी शपथ. ती भिंतीतली बाई गेली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिलंय, मी सातवी शिकलेली, तीनदा अक्षरं जुळवली तेव्हा कुठे वाचता आलं. त्याही खूश — म्हणाल्या, आणा आता लेकीला. मग मोजायचं कशाला सांगू त्यांना? मोजणं म्हणजे काय आवाज थोडाच आहे? कुणी बोलत नाही, नुसतं छातीत खुपतं — एकाची राहिली. कुणाचं तरी नाव राहिलं, आणि राहिलं तर पोरीला भोवणार. मग पहिल्यापासून. खुळ्यासारखं आहे, कळतं हो मला. कळून हात थांबत नाही ना.

— रिक्षावाल्याची घेतली? त्याने आरशातून बघितलंच असणार. खालच्या शकुमावशीची घेतली, जिन्यातल्या मांजराची — किती झाले? आठ? तुम्ही मोजत नाही का ताई? अगं बाई, झबलं भिजलं वाटतं तिचं. पुसा, पदराने पुसा. तुम्ही तिला नेलंत त्या वेळी पण असंच — त्या वेळी मी काय सांगितलं होतं तुम्हाला? नळाखाली भिजली? आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर दुपारी नळाला पाणी कुठे असतं, ताई. कुणी विचारलंच नाही. डोस पाजून आणली होती, तीन महिन्यांची, ह्याच उंबऱ्यात बसले घेऊन. भर दुपारपासून दिवे लागेपर्यंत ओवाळत होते, दर वेळी डोळ्यांना पाणी, दर वेळी पायांना. रडली, रडली, मग गप्प झाली. ओठ निळे. आणि मला — मला बरं वाटलं हो. वाटलं, गप्प झाली म्हणजे उतरली दृष्ट. तुमचा भाऊ, प्रज्योत, आला म्हणून, नाहीतर —

हे मी कशाला बोलले? विसरा. रडू नको गं पिल्ला, झालंच, एकदाच — आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची... कुणाची राहिली? कुणाची? तुमच्या आई म्हणायच्या ना, परक्याची नजर परवडली, आईची दृष्ट लेकराला सगळ्यात आधी लागते —

आईची.

सगळ्यांची नावं घेतली. मांजराचंसुद्धा. आईचंच नाही घेतलं.

थांबा, हलू नका. आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची, आईची — एक. दोन. तीन.

गेलं बघा. खुपत नाही आता. पहिल्यांदाच.

आत? नाही, आत नका येऊ. चप्पल घाला परत. तुमच्याकडेच असू दे तिला. मी सांगते डॉक्टरीणबाईंना, उद्याच सांगते — मोजायचं, नळाचं, सगळं. अहो रडता काय, भाकर धरा ही, खाली नाक्यावर टाका. आणि टाकल्यावर मागं वळून बघायचं नसतं, माहीत आहे ना? तिलाही खांद्यावर नका घेऊ. खांद्यावर घेतली की ती मागंच बघत राहते. तोंड पुढे करून धरा. हां, अशी.

जा आता.