आईच्या खोलीचा हीटर, थोडा जास्तच धरून

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, एवढ्याशा खोलीला एवढा मोठा हीटर कशाला आणलात?" मी आणला? मी? तुम्हाला सांगतो, त्या सगळ्या भानगडीत बरोबर आकडा सांगणारा एकच माणूस होता, तो मी, आणि माझं सोडून सगळ्या जगाचं ऐकलं गेलं! माझा धंदा काय, तर चष्म्याचं दुकान. नंबर काढायचा, काच बसवायची. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक जिन्यावरून पडतं हो! तिथे मी कधी म्हणतो का, "काका, तुमचा नंबर आहे दोन, पण थोडं जास्तच धरू, साडेतीनची काच न्या, राहील पुढेमागे"? नाही ना म्हणत? पण घरी? घरी लहानापासून थोरापर्यंत एकच मंत्र. थोडं जास्तच धरा!

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर म्हणाल हा मधूनच सुटला. आमची आई. इतकी वर्षं ती दादाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या भावाकडे. आणि धाकट्याच्या वाट्याला आई कशी येते, माहीत आहे ना? सुट्टीत. पाहुण्यासारखी. बॅग पुरती उघडत नाही तोवर, "तिकडे माझी कुंड्यांतली झाडं सुकली असतील रे!" मला हवी होती हो ती माझ्याकडे. सरळच सांगतो, त्यात लाजायचं काय? यंदा एकदाची हो म्हणाली. मी खुशीत. तेवढ्यात दादाचा फोन. दादाचा आवाज म्हणजे... फोन कानाला न लावता समोरच्या टेबलावर ठेवला तरी चालतो. "हे बघ! आईला थंडी सोसत नाही! गुडघे धरतात तिचे! तुझी ती मागची खोली मला माहीत आहे, शवागार आहे नुसतं! एकदा, फक्त एकदा जरी ती मला फोनवर म्हणाली ना की गार लागतंय, तर मी गाडी घेऊन येईन आणि तिला घेऊन जाईन! कळलं?" कळलं. आई राहणार की जाणार, हे कशावर? माझ्या मायेवर? छे. मागच्या खोलीच्या उबेवर!

म्हटलं ठीक आहे, हीटर आणू. दुकानात जाऊ, एक बरासा उचलू, विषय संपला. संपतो होय! आमचा मेव्हणा आहे ना. बायकोचा धाकटा भाऊ. शीतगृहात इंजिनिअर. म्हणजे बटाटे गार ठेवणं हा त्याचा धंदा, आणि तो मला ऊब शिकवायला आला. "दाजी, हीटर असा अंदाजपंचे घ्यायचा नसतो. आधी खोलीतून उष्णता बाहेर किती जाते ते काढायचं. जाते तेवढी भरायची. टाकी गळकी असली तर जेवढं गळतं तेवढाच नळ सोडायचा, हो की नाही?" मी म्हटलं, अरे पण तू तर थंड करणारा! "दाजी, उष्णता तीच. मी तिला आत येऊ देत नाही, तुम्ही बाहेर जाऊ देऊ नका." खोटं कशाला बोलू, मला पटलं. म्हटलं चला, या घरात कुणीतरी मोजून मापून बोलतंय.

भिंत किती मोठी, भिंत किती गळकी, आणि आत-बाहेर फरक किती. तिन्हींचा गुणाकार. तसंच खिडकीचं, तसंच छपराचं, मग फटींतून जाणारी हवा. सगळ्याची बेरीज केली की झाला हीटरचा आकडा. किती सोपं! मी टेप काढली, एक टोक मी धरलं, दुसरं बायकोने. मी म्हणतो किती? ती म्हणते, "चार मीटर... आणि थोडं." थोडं म्हणजे किती? "अहो, थोडं जास्तच धरा! आईंसाठी आहे ना, मग हात आखडता कशाला?" अहो पण भिंत आहे ती! तिच्यासमोर हात सैल सोडला म्हणून ती लांब होते का? होते! कागदावर झाली! चारही भिंती वीतवीतभर वाढल्या, खिडकी फुगली, खोली एका संध्याकाळीत बाळसं धरून बसली.

मग बाहेरचं तापमान. मेव्हणा म्हणाला, "साधारण कडाक्याची थंडी असते तेवढी धरू." बायको म्हणाली, "आणि ते वर्ष? नळातलं पाणी गोठलं होतं ते? ते विसरलात?" अगं, ते एकदा झालं! आपलं लग्नही झालं नव्हतं! "मग? पुन्हा होणार नाही असं लिहून दिलंय का कुणी? थोडं जास्तच धर रे." आणि मेव्हण्याने धरलं! बहिणीपुढे कुठला इंजिनिअर टिकतो सांगा! बाहेर बर्फाचा आकडा लिहिला.

मग आतलं तापमान. म्हटलं ज्या माउलीसाठी चाललंय तिलाच फोनवर विचारू. आई, तुला खोलीत किती ऊब लागते? "मला? मला काही नको रे. तुम्हाला झेपेल तेवढी." आई, आकडा सांग. "आता आकडा मी कुठून आणू? पहाटे गोधडीत असते बघ, तेवढी." गोधडीत किती असते? मेव्हणा म्हणतो, "शरीराच्या आसपास. पस्तीस." पस्तीस! खोलीत! मी ओरडलो, अरे आईला राहायला आणायचंय की उकडायला? मग घासाघीस. मी वीस म्हणतो, तो तीस म्हणतो, बायको मध्ये, शेवटी सव्वीसवर सौदा पटला. तापमान आहे की भाजी?

बरं, फटी राहिल्याच. मेव्हण्याने एक पातळ कागदाची पट्टी खिडकीच्या कडेला धरली, ती जराशी हलली. "तासाला एकदा खोलीतली सगळी हवा बदलते, दाजी." बायको म्हणाली, "दोनदा धर." का? "असू दे!" आणि हे सगळं झाल्यावर, बेरीज झाल्यावर, मेव्हणा पेन टेकवून म्हणतो, "आता यावर पंचवीस टक्के." हे कसले? "सुरक्षिततेचे. आमच्यात पद्धत आहे. थोडं जास्तच धरतो आम्ही."

तुम्हाला सांगतो, मी डोक्याला हात लावला. अरे बाबांनो, मुळात खऱ्या मापांनी मी सांगितलेला आकडा दीड हजार वॅटच्या आत होता! भिंत जास्त, थंडी जास्त, ऊब जास्त, वारा जास्त, आणि त्या जास्तीचा जास्तीशी गुणाकार! कुणी एकाने जास्त धरलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण इथे प्रत्येक जण समजतोय की जास्त धरणारा आपण एकटेच! आकडा आला साडेतीन हजार. साडेतीन!

आणि दुकानदार? तो तर आमच्याच घरातला शोभावा. "साडेतीनचा? साडेतीनचा येत नाही साहेब. चारचा येतो. पण कुणासाठी पाहिजे?" आईसाठी. "आईसाठी?" छातीवर हात! डोळे मिटले! "मग पाचचा न्या. आईच्या बाबतीत थोडं जास्तच धरावं माणसाने." आता यावर मुलाने काय बोलायचं? नाही म्हटलं तर मी नालायक. आणला पाचचा. दारातून आत येईना, तिरपा करून घेतला. कपाट हलवून तिथे ठेवला, म्हणजे आता खोलीत कपाट नाही, हीटर आहे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाक दिसेचना! वायरमन आला, बघून शिट्टी वाजवली, म्हणाला, "ही तार जळेल. मीटरपासून वेगळी लाईन टाकावी लागेल." टाक बाबा. किती जाडीची टाकशील? त्याने तोंड उघडलं तसं मी म्हटलं, बोलू नकोस! पुढचं वाक्य मला पाठ आहे!

आई आली. स्वतःच्या पायांनी, हसत हसत आली. तिला खोलीत बसवलं, शाल दिली, दार घट्ट लावलं, उष्णता जाऊ नये म्हणून, आणि बटण दाबलं. अहो, काय सांगू! दहा मिनिटांत आईने शाल काढली. पंधरा मिनिटांत पंखा आहे का विचारलं. तेवढ्यात, टक्! सव्वीस झाले, हीटर बंद. बंद झाला की गार पडायला सुरुवात, की शाल वर. मग टक्! चालू. की शाल खाली. टक्, शाल. टक्, शाल. आई म्हणते, "अरे, हे मला कवायतीला का उभं केलंय?" मेव्हण्याला फोन केला. तो अगदी शांतपणे म्हणतो, "हां, होतं तसं दाजी. हीटर खोलीपेक्षा मोठा झाला की असं होतं." असं होतं! आता सांगतोय!

शेवटी आईने काय केलं? खिडकी उघडली. पाच हजार वॅट चालू आणि खिडकी सताड! मी मागची गल्ली तापवतोय! समोरच्या पायरीवर मांजरं येऊन बसायला लागली. मी म्हटलं आई, खिडकी बंद, हिशोबात खिडकी बंद आहे! तर ती उठली, शाल घेतली, खुर्ची ओढत ओढत थेट पुढच्या खोलीत, बाहेरच्या दारासमोर! ते दार कसं, तर लाकूड वाकलेलं, खाली दोन बोटं फट, दिवसभर उघड-मीट. अख्ख्या घरात सगळ्यात गार जागा कोणती असेल तर ती. आणि आई तिथे! म्हटलं, झालं. आता दादाचा फोन येणार.

आलाच. आणि आईला खोटं बोलता येत नाही हो! "कशी आहेस आई? गार लागतंय का?" आई म्हणते, "हो रे, जरा लागतंय. इथे दारात बसलेय ना." दारात! तुम्हाला सांगतो, पलीकडून किल्ल्यांचाच आवाज आला.

दादा आला. आत येतायेताच, "आईची बॅग कुठाय? मी म्हटलं होतं! आईला दारात बसवतोस? लाज नाही वाटत?" मी त्याला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, हीटर दाखवला, म्हटलं बघ, घोडा बांधल्यासारखा उभा केलाय, आता मी आणखी काय करू? मला रडू यायला लागलं, खरंच. दादा पुन्हा दाराशी येऊन आईला म्हणाला, "चल. माझ्याकडे तुझी खोली कशी छान गरम असते." आणि आई म्हणाली, अगदी साध्या आवाजात हं, "असते रे. छानच असते. पण तू म्हणतोस, आई दार लाव, ऊब जाते. सून म्हणते, आई दार लावा. मग मी दिवसभर त्या दाराकडे बघत बसते. इथे येणारं-जाणारं दिसतं. हा दुकानातून आला की आधी माझ्यावर आपटतो. मी नाही येत."

आणि मीसुद्धा तेच केलं होतं ना! माझ्या इतक्या हिशोबात भिंत होती, छप्पर होतं, फट होती, आणि पहिल्या ओळीपासून दार बंद होतं. दादा वळला, मागच्या खोलीत गेला, म्हटलं रागावलाय, जाऊ दे. थोड्या वेळाने बघतो तर आडवा! घोरतोय! त्याची कंबर धरलेली असते, ती सुटली म्हणे त्या हीटरने. दोन रात्री राहिला माणूस! जाताना मला म्हणतो, "हीटर चांगला घेतलास. अजून थोडा मोठा चालला असता." मी हात जोडले.

राहिली आई. जिंकलो मी! पण गारवा? गारवा आहेच की दाराशी! मेव्हणा पुन्हा आला, पुढच्या खोलीचं गणित मांडायला बसला, दोन कागद फाडले, म्हणाला, "दाजी, हे दार मिनिटामिनिटाला उघडतं, याला हीटरच नाही." मी थकून आईच्या शेजारी, दाराच्या बाजूला, स्टूलावर बसलो. मेव्हण्याने कागदाची पट्टी आईपाशी धरली. हलेना! मला म्हणाला, उठा. उठलो. पट्टी फडफडली. बसा. बसलो. स्तब्ध. "दाजी! हलू नका! तुमच्यामुळे वारा अर्धा झाला!"

तेव्हापासून तिथेच बसतो. दुकानातून आलो की स्टूल, पाठ दाराकडे, तोंड आईकडे. पाठ गारठते, पण आई बोलत असते. काल मेव्हणा पुन्हा पट्टी धरून बघत म्हणाला, "दाजी, तुम्ही अजून चार बोटं रुंद असतात ना, तर वारा पूर्ण बंद झाला असता." बायकोने ऐकलं. आली आणि भाताचा आणखी एक डाव माझ्या ताटात वाढून गेली.

काय करता! जेवतोय.