बाबांपेक्षा दोन मार्क जास्त

...आणि वर मलाच म्हणतात, "तब्येतीला जप रे!" अहो, कोण म्हणतंय? चोपन्न वर्षांचा माणूस, चहात तीन चमचे साखर, चहा बशीत, बशी काउंटरवर, काउंटरवर टायरचा कॅटलॉग, कॅटलॉगखाली लपवलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, आणि पुडा अर्धा संपला की मलाच हाक, "अरे, गोळी घेतलीस का?" गोळी! मला! तेविसाव्या वर्षी! ते बिस्किटं खाणार आणि गोळी मी घेणार! मी जळत नाही हं... नुसतं सांगतो.

हे आमचे बाबा. आमचं टायरचं दुकान आहे, बाबा काउंटरवर, मी जॅकपाशी. तुम्हाला सांगतो, शुगर आमच्या घरात आजीला होती. आता आजी बाबांची आई, म्हणजे पहिला हक्क कोणाचा? बाबांचा! आजीनं बाबांना काय काय दिलं, नाक दिलं, घनदाट केस दिले, गिऱ्हाइकाला गोड बोलून गुंडाळायची जीभ दिली, आणि शुगर? ती मात्र जपून ठेवली नातवासाठी! केस माझे आत्ताच विरळ व्हायला लागलेत, ते सोडा. एकविसाव्या वर्षी मला सारखी तहान लागायला लागली, आई म्हणाली ऊन वाढलंय, धाकटी बहीण म्हणाली दादा नाटकं करतोय, आणि डॉक्टर म्हणाले, टाइप टू. मी म्हटलं, अहो, ती म्हाताऱ्या माणसांना होते ना? तर म्हणे, "हल्ली तरुणांनाही होते." हल्ली! म्हणजे काय, फॅशन आहे?

बरं, तर मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या माझ्यासारखी पोरं गोळा करतात. शुगर असलेली, पंचविशीच्या आतली, अभ्यासासाठी. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या (त्या अगदी हळू बोलतात, गालात कापूस ठेवल्यासारखं), "आपल्याला तुमच्या हृदयाचे मार्कर बघायचेत." मार्कर म्हणजे दुखण्याच्या आधीच्या खुणा, हे मला पुढे कळलं. आता माझ्या कानात हवेच्या कॉम्प्रेसरचा आवाज वर्षानुवर्षं बसलेला, मला ऐकू आलं, हृदयाचे मार्क! म्हटलं, घ्या! शाळा सुटली तरी मार्क सुटले नाहीत!

आणि मार्कांचं मला काय दुखणं आहे ते तुम्हाला माहीत नाही. बाबांना दहावीला चौऱ्याहत्तर टक्के. मला एकावन्न. हे आमच्या दुकानात टायर बदलायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत आहे! माणूस नुसता हवा भरायला आलेला असतो हो, त्याचा काय संबंध? तरी बाबा, "हा माझा मुलगा, एकावन्न टक्के, पण हात चांगला आहे हं." पण! त्या 'पण'वर मी आजवर जगलोय. जळत नाही हं... नुसतं सांगतो.

तर तपासणी. बाबा नुसते सोबतीला आले होते. रक्त घेतलं, प्रेशर घेतलं, मानेवर गार चिकट काहीतरी लावून आतलं पडद्यावर बघितलं, आणि शेवटी एक पट्टा मांडीला, एक पेनासारखं यंत्र मानेला. मशीनवाल्या ताई म्हणाल्या, "हृदयाचा ठोका मानेपासून मांडीपर्यंत किती वेगानं पळतो ते यात कळतं." तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वडील आलेच आहेत तर त्यांचंही बघू." झालं! बाबा शर्ट काढून तयार! लहान मुलाला झोपाळा दिसावा तसे त्या खाटेवर चढले आणि ताईंना विचारतायत, "पोट आत घेऊ का?"

दोन चिठ्ठ्या आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुधवारी सगळं नीट समजावून सांगते." मी स्कूटर काढायला खाली गेलो, बाबा बटणं लावत मागे राहिले, आणि जिन्यात मी चिठ्ठ्या बघितल्या. माझा वेग, नऊ पूर्णांक चार. बाबांचा, सात पूर्णांक चार!

दोन जास्त!

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं सांगा ना! दोन वर्षं मी ऐकतोय, साखर कमी पाहिजे, प्रेशर कमी पाहिजे, वाईट कोलेस्टेरॉल कमी पाहिजे, वजन कमी पाहिजे, भात कमी पाहिजे... या आजारात कमी असेल तेच चांगलं! म्हटलं, एक तरी गोष्ट असेल की नाही जी जास्त असलेली बरी? आणि ती वेग नसेल तर दुसरी कोणती? मी टायरवाला माणूस हो! प्रत्येक टायरवर वेगाचं एक अक्षर छापलेलं असतं, जितका जास्त वेग सोसणार तितका टायर भारी. मी रोज गिऱ्हाइकांना हेच समजावतो! नऊ पूर्णांक चार म्हणजे काय, हायवेचा माल! आणि बाबा सात पूर्णांक चार, गावातल्या गावात फिरायला ठीक.

चार दिवस! चार दिवस मी दुकानात राजा होतो. चिठ्ठी काउंटरच्या काचेखाली लावली. हवा भरायला आलेल्या माणसाला मी स्वतः जाऊन सांगायचो, "हे माझे वडील, सात पूर्णांक चार, पण स्वभाव चांगला आहे हं." पण! टाकला मीही एक 'पण'! आणि बाबा... बाबा गप्प. तोंड एवढंसं. चहात साखर घातली नाही. बिस्किटांचा पुडा कॅटलॉगखाली तसाच. आई म्हणाली, "यांना काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही गं, जळतायत." आणि खरं सांगू? इतकं गोड वाटलं मला ते, इतकं गोड, की त्या चार दिवसांत माझी शुगर वाढली असेल तर ती यानंच!

बुधवार उजाडला. हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही सगळी शुगरवाली पोरं ओळीनं. मी प्रत्येकाला विचारतोय, "तुझे किती?" एक कॉलेजची मुलगी होती, जाड चष्मा, मांडीवर फाइल. ती म्हणाली, सहा पूर्णांक आठ. मला इतकं वाईट वाटलं! मी तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, "होईल, होईल. वाईट वाटून घेऊ नका. माझेही आधी कमीच होते." आधी! आधी कधी मोजले होते मी? पण माणसाला धीर द्यावा लागतो हो!

मग माझा नंबर. बाबा शेजारच्या खुर्चीत. मी आत शिरता शिरताच म्हटलं, "डॉक्टर, पहिला आलो ना?" दार उघडंच होतं, बाहेर बाक ऐकतंय. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. चष्मा काढणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. आणि त्या हळूच म्हणाल्या, "अहो... हा आकडा कमी असावा लागतो."

तुम्हाला सांगतो, कॉम्प्रेसर बंद पडल्यावर दुकानात जशी शांतता होते ना, तशी झाली.

म्हणाल्या, "नस मऊ असली की ठोक्याचा धक्का तिच्यात जिरतो, ठोका आरामात जातो. नस कडक झाली की तो सुसाट पळतो. तुमचा आकडा पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा आहे. मानेतल्या नसेची भिंतही जरा जाड झालीय." मी म्हटलं, "पण मला काही होत नाही हो! मी चार-चार चाकं एकटा उचलतो!" तर म्हणाल्या, "आज होत नाहीच. म्हणून तर आज बघायचं. तरुणपणी येणारी शुगर नसांना जास्त लवकर गाठते. असंच चालू राहिलं तर चाळिशीच्या आत हृदयाचं दुखणं समोर उभं राहील. साखर, प्रेशर आवरलंत, चाललात, तर ते लांबवता येतं."

आणि बघा, मी टायरवाला! मला कळायला नको? शोरूमच्या काचेत वर्षानुवर्षं उन्हात ठेवलेला टायर असतो, नक्षी कोरी करकरीत, एक किलोमीटर पळालेला नाही, गिऱ्हाईक खूश, आणि मीच त्याला सांगतो, "साहेब, नक्षीवर जाऊ नका, नख दाबून बघा. रबर कडक झालंय, खड्डा आला की धक्का थेट गाडीला." मी सांगतो हे! रोज! आणि तो टायर मीच! नक्षी तेविसाची, रबर पन्नाशीचं! आणि शेजारी आमचे बाबा, तीन चमचे साखरवाले, त्यांचा आकडा त्यांच्या वयाला छान! छान म्हणाल्या हो त्या! माझ्यासमोर! मी जळत नाही हं... नाही, थांबा. जळलो. त्या दिवशी जळलो. आपल्या बापाच्या नसांवर जळणारा माणूस बघितलाय कधी? बघून घ्या.

बाहेर आलो तर ती जाड चष्म्यावाली, सहा पूर्णांक आठ, फाइल बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, "होईल, होईल. वाईट वाटून घेऊ नका."

जिन्यात मी बाबांवर भडकलो. म्हटलं, "तुम्ही असे मऊ कसे हो? सगळं तुम्हालाच कसं?" बाबा म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तू स्कूटर काढायला गेलास, मी त्यांना विचारलं." मी म्हटलं, "म्हणजे चार दिवस? चार दिवस तुम्ही मला दुकानभर नाचू दिलंत?" तर शर्टाच्या बाहीशी चाळा करत म्हणतात, "तुला वाटलं मी जळतोय. म्हटलं, वाटू दे. दहावी पास झालास तेव्हापासून इतकं खूश तुला बघितलं नव्हतं मी." आणि मग तिकडे भिंतीकडे बघत, "नसा बदलून देता येत असत्या ना, तर शर्ट काढलाच होता मी."

भांडायला गेलेल्या माणसाला असं बोलतात का? मला रडू आलं आणि रागही आला, कारण या बाबतीतही तेच पुढे!

बरं, मग सुरू झालं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पाऊण तास चालायचं. मी एकटा जाईन म्हटलं, तर बाबा बूट घालून दारात. "मला काय, सोबत." सोबत! परत सोबतच! बिस्किटं बंद, माझ्यासमोर नको म्हणून. साखर तीन चमच्यांवरून शून्य. आई माझी ताटली आणि त्यांची ताटली सारखी वाढायला लागली. मी गोळ्या वेळेवर घेतल्या, भात अर्धा केला, लिफ्ट कधी घेतली नाही, मन मारून मारून मनाला घट्टे पडले. सहा महिने!

परवा परत तपासणी झाली. मी खाटेवर, पट्टा मांडीला, डोळे मिटून मनात नुसतं, हळू... हळू रे बाबा... पळू नकोस. चिठ्ठी आली. आठ पूर्णांक सात! मशीनवाल्या ताईंनी टाळी वाजवली. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या, "शाब्बास! असंच चालू ठेवा!" मी चिठ्ठी घेऊन धावत बाहेर गेलो. म्हटलं, आता किती राहिलं? सात पूर्णांक चार गाठायचंय फक्त! येतोय मी, बाबा!

आणि बाबा आतून बटणं लावत लावत आले. "यांनी आग्रह केला म्हणून," म्हणाले. चिठ्ठी पुढे केली. सात पूर्णांक एक.

अहो, माझ्यासोबत चालून! माझ्या आजारावर! माझा घाम, यांचा आकडा! मी म्हटलं, "बाबा, आता तरी जरा थांबा ना!" तर म्हणतात, "तू ये रे, मी आहे तिथेच." कसले तिथेच? सहा महिन्यांत तीन दशांश पुढे सरकले!

म्हणजे बघा ना, नशीब म्हणतात ते काय असतं... आयुष्यात एकदा, एकदाच, मी बापाच्या दोन मार्क पुढे गेलो होतो. आणि आता आई, बहीण, डॉक्टरीणबाई, ती सहा पूर्णांक आठवाली, स्वतः बाप, सगळे मिळून मला एकच सांगतायत... मागे ये, बाळा, मागे ये.