विहिरीत सोडलेला कंदील

वसमतच्या स्टँडवर कुरुंद्याच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या चतुराबाईंच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं पडलं.

"तुह्या दिराला काय झालं गं?"

"जुन्या विहिरीचा गाळ काढाया उतरला अन् खालीच चक्कर येऊन पडला. एकादशीचा उपाशी होता ना."

"उपासानं कशाला? खालची हवा खराब असंल. कंदील सोडून पाहिला न्हाई का? विझला तर उतरू नये माय."

"सोडला की! पार तळाला गेला तरी लख्ख उजेड."

"मग हवा चांगलीच."

"तेच तर! म्हणून आज माहा लेक वैजनाथ पोटभर जेवून उतरून राहिला."

"कंदील सोडूनच ना?"

"व्हय. नवा हाये, चार्जिंगचा. विझायचं नावच घेत न्हाई."

चतुराबाई ताडकन वळल्या.

"बाई, फोन लाव! आधी घरी फोन लाव!"